होम स्टुडिओच्या खोलीला साउंडप्रूफ दार: घरच्या घरी जमेल का?

कानसेन (धागाकर्ता) · ६ एप्रिल, रात्री ११:४८

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज स्वतःचंच दुखणं घेऊन आलोय.

पुण्यात सिंहगड रोडला राहतो, टू बीएचके. दिवसा नोकरी आणि रात्री ऑडिओबुकं वाचायचं काम, दोन वर्षं झाली. छोटी बेडरूम (दहा बाय नऊ) त्यासाठी काढून घेतलीये. भिंती विटांच्या, साडेचार इंची. खिडकी एकच, ती मागच्या बाजूला आणि तिकडे तशी शांतता असते. सगळा राडा आहे तो दाराचा. दारापलीकडे हॉल, हॉलमध्ये टीव्ही, टीव्हीसमोर आई, आणि आईला ऐकू कमी येतं. पुढचं तुम्हीच समजून घ्या. गेल्या आठवड्यात एक अख्खं प्रकरण परत वाचलं कारण सव्विसाव्या मिनिटाला मागे कुकरची शिट्टी. कथेतला माणूस तेव्हा जंगलात वाट चुकलेला होता.

आत्तापर्यंतचे उद्योग: दाराला आतून फोमच्या टाइल्स चिकटवल्या, ते पिरॅमिड पिरॅमिडवाले. फरक शून्य. रेडिमेड अकूस्टिक दाराची चौकशी केली तर त्यांनी जो आकडा सांगितला त्यात माझी स्कूटर येते. म्हणून विचारतोय, कोणी सुताराकडून असं दार करून घेतलंय का, किंवा आहे तेच दार सुधारून घेतलंय का? घर स्वतःचं आहे, तोडफोड चालेल (थोडी).

फुकटसल्ला

अंड्यांचे ट्रे लावा. सकाळी ऑम्लेट, रात्री रेकॉर्डिंग.

शंकासुर

रुमाल टाकून ठेवतो. माझ्या मित्राने युट्यूबवर बघून एक जाड फोम आणलाय, बॉक्सवर ९५ टक्के आवाज शोषतो असं लिहिलंय. तो दाराला दोन थर लावला तर?

अणुरेणू

@फुकटसल्ला, तुम्ही गंमत केलीत पण हे खरंच लोक करतात म्हणून लिहितोय. अंड्याचा ट्रे म्हणजे लगद्याचा पातळ पुठ्ठा, त्याने आवाज अडतही नाही आणि धड शोषलाही जात नाही. वरून उदबत्तीची ठिणगी पडली तर बघायलाच नको.

@शंकासुर, शोषणं वेगळं, अडवणं वेगळं. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, म्हणजे आपला आवाज भिंतीवर आपटून परत येतो ना, तो. पलीकडून येणाऱ्या आवाजाला तो जाळीच्या पडद्यासारखा आहे, हवा जाते तिथून आवाज जातो. तोंडाला फोम लावून फुंकर मारून बघा. आणि समजा एखाद्या गोष्टीने खरंच ९५ टक्के ऊर्जा अडवली, तरी डेसिबलमध्ये ते फक्त १३ होतात. ९९ टक्के अडवली तर २०. ९९.९ टक्के म्हणजे ३०. त्यामुळे टक्केवारी ऐकली की मी पाकीट खिशात ठेवतो.

आवाज अडवायचे दोनच मार्ग आहेत, वजन आणि हवाबंद असणं. आणि दाराच्या बाबतीत लोक वजनाच्या मागे लागतात आणि दुसरं विसरतात.

धागाकर्त्यांना प्रश्न: दाराच्या खाली फट किती आहे?

कानसेन

मोजली. माझी करंगळी आरामात जाते. साधारण अर्धा इंच. बिल्डरनेच तशी ठेवलीये, झाडू मारताना सोपं पडतं म्हणून असेल.

अणुरेणू

मग ऐका. दार पावणेसात फूट उंच धरू. अर्धा इंच भागिले पावणेसात फूट, म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाच्या ०.६ टक्के जागा उघडी आहे. त्या ०.६ टक्क्यातून जे येतं त्यानेच तुमची मर्यादा ठरते, २२ डेसिबल. आता तुम्ही तिथे लाकडी दार काढून किल्ल्याचा दिंडीदरवाजा आणून बसवा, खाली अर्धा इंच फट ठेवलीत की २२ च्या वर जाणार नाही. बाजूच्या आणि वरच्या फटी तर मी धरल्याच नाहीत.

फुकटसल्ला

थोडक्यात भिंतींना कान असतात पण दाराला तोंड असतं.

रंधा

अणुरेणू सरांनी मुद्द्याचं सांगितलं. मी नाशकात फर्निचरची कामं घेतो, अशी तीन-चार दारं केलीत, एक गाण्याच्या क्लासला, एक डॉक्टरच्या केबिनला (पेशंटचं बोलणं बाहेर ऐकू जायचं), बाकी घरगुती. माझा अनुभव सांगतो.

आधी दारावर टकटक करा. मधोमध पोकळ वाजलं तर आत जाळी आहे, ते दार सुधारत बसू नका, सरळ बदला. भरीव ठक्क वाजलं तर सॉलिड फ्लश डोअर आहे, त्याच्यावर काम होतं. मग दार बिजागऱ्यांतून सोडवा आणि वजन करा. काटा नसेल तर बाथरूमच्या वजनकाट्यावर दार घेऊन उभे राहा आणि स्वतःचं वजा करा. हसू नका, मी असंच करतो.

मग चौकटीचा खाचा बघा, दार जिथे टेकतं तो. पुण्यातल्या फ्लॅटांत तो बारा-तेरा मिलीचा असतो आणि दार त्याला सगळीकडे सारखं टेकत नाही. रात्री आतला दिवा लावा, हॉलमधला बंद करा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड दिसतो तिथून आवाज येतो. पेन्सिलने खुणा करून ठेवा.

रबर लावायचं तर ईपीडीएमचं, पोकळ नळीवालं. स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती काळी फोमची पट्टी लावू नका, सहा महिन्यांत पापड होतो.

पेठकरी

नाना पेठेत जा. गाडीच्या दाराचं रबर मीटरवर मिळतं, तेच ईपीडीएम. ऑनलाइन "अकूस्टिक सील" नाव लावलं की तीच वस्तू दुप्पट होते. आणि प्लाय-एमडीएफ बघायला भवानी पेठेत टिंबर मार्केट. दुपारी एक ते चार जाऊ नका, कारण सांगायची गरज नाही.

कानसेन

दार ठक्क वाजलं! वजन केलं. मी ७१, दारासकट ९९. म्हणजे २८ किलो. बायकोने फोटो काढलाय, तो धाग्यावर टाकणार नाही.

शंकासुर

मला एमएलव्हीबद्दल विचारायचं होतं. मास लोडेड व्हिनाइल. सगळे परदेशी व्हिडिओवाले तेच सांगतात, तीन मिली जाड, गुंडाळी मिळते. ते लावलं की काम फत्ते असं म्हणतात.

रंधा

एमएलव्ही म्हणजे जड रबरासारखी चादर. तीन मिलीला चौरस मीटरला पाच किलो भरते. १२ मिली एमडीएफ लावला तर चौरस मीटरला पावणेनऊ किलो, आणि पैसे त्याच्या निम्म्याहून कमी. किलो तो किलो, आवाजाला काय कळतंय व्हिनाइल आहे का लाकूड.

अणुरेणू

रंधा, ९० टक्के सहमत (आता मीच टक्केवारी द्यायला लागलो). फक्त एक आहे. प्लाय, एमडीएफ, काच अशा कडक पत्र्यांना एक खोड असते, एका ठरावीक पट्टीत ते आवाजाबरोबर स्वतःच थरथरतात आणि तेवढ्या पट्टीतला आवाज सरळ पलीकडे देतात. व्हिनाइल लिबलिबीत असल्यामुळे ती थरथर दाबतं. म्हणून दोन कडक थरांच्या मध्ये सँडविच केलं तर त्याचा उपयोग आहे. नुसतं दारावर पडद्यासारखं टांगून उपयोग नाही. आणि दोन्ही लाकडी थर एकाच जाडीचे घेऊ नका, म्हणजे दोघांची खोड एकाच जागी येणार नाही.

पण आकडा लक्षात ठेवा. वजन दुप्पट केलं तर जास्तीत जास्त ६ डेसिबल. कानसेनांचं २८ किलोचं दार ५० किलोचं केलं तर हिशोबाने ५ डेसिबल मिळतील. फटी बुजवून कदाचित त्याहून जास्त मिळतील, आणि रबराला पैसे किती लागतात?

बेसूर_तरी_सूर

मी सांगलीत तबला शिकवतो. माझा प्रश्न उलटा आहे, आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाहीये. वरच्या मजल्यावर क्लास, खाली बिऱ्हाड. एवढं दार केलं तर जमेल का? खालचे काका फार सज्जन आहेत पण त्यांनी परवा मला तीनतालातली मात्रा चुकली ते सांगितलं, तेव्हा ठरवलं आता काहीतरी केलं पाहिजे.

अणुरेणू

:) दाराने तुमचं काम होणार नाही हो. डग्ग्याचा घुमार हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त जातो. चाट ऐकू येणार नाही पण "घे" स्लॅबमधून खाली पोचणारच. तुम्हाला आधी बैठकीखाली काहीतरी करावं लागेल, जाड रबर, त्यावर प्लाय, त्यावर सतरंजी, म्हणजे एक तरंगता पाट. दार त्यानंतर. नियमात बघायचं तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ ला ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण खालचे काका मात्रा मोजतायत म्हणजे तुमचं चांगलंच चाललंय.

फुकटसल्ला

काकांची फी माफ करा, प्रश्न मिटेल.

माजघर

खूप दिवसांनी लॉगिन केलं ह्या धाग्यासाठी. मी ऐन तरुणपणी आकाशवाणीवर हंगामी निवेदिका होते, बरीच वर्षं. तिथल्या स्टुडिओची दारं आठवली. एक दार नव्हतंच, दोन असायची. पहिलं दार ढकलून आत गेलं की एवढीशी कोंदट खोली, दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी, मग दुसरं दार. पहिलं पूर्ण लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही अशी शिस्त. दारं इतकी जड की हाताने नव्हे, खांद्याने ढकलायची, आणि लागताना धाडकन नाही, नुसता श्वास सोडल्यासारखा आवाज व्हायचा. त्या मधल्या खोलीत गेलं की कानात दडा बसल्यासारखं व्हायचं. नवीन मुली घाबरायच्या. वर तांबडा दिवा, तो लागला की हातातल्या बांगड्यासुद्धा धरून ठेवायच्या.

कानसेन, तुम्हाला दोन दारं लावता येणार नाहीत का?

अणुरेणू

माजघर आजी, मस्त आठवण. आणि हे शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर आहे. एकच दार दुप्पट जड केलं तर ६ डेसिबल, पण तेच वजन दोन दारांत वाटून मध्ये हवा ठेवली तर बोलण्याच्या पट्टीत फायदा कितीतरी जास्त. हॉटेलात दोन खोल्यांना जोडणारी दारं असतात ना, पाठीला पाठ लावून दोन, ती त्याचसाठी. मधलं अंतर जितकं जास्त तितकं बरं, दोन इंचांत खालच्या सुरांना फार फायदा होत नाही.

माजघर

आजी म्हणालात ते चालेल, पण मी अजून रोज पर्वती चढते.

कानसेन

दोन दारांची कल्पना आवडली पण भिंत साडेचार इंची. दुसरं दार हॉलच्या बाजूला उघडणारं केलं तर ते बरोब्बर टीव्हीच्या युनिटला आपटतं. आईने आधीच विचारलंय की "एवढं काय वाचतोस रे बंद खोलीत".

म्युनिकची_मनी

इकडे जर्मनीत घरातल्या दारांना कडेला खाचा असतो, दार चौकटीवर वरून चढून बसतं आणि चौकटीत रबराची पट्टी घातलेली असते, अगदी साध्या घरातसुद्धा. बघून वाटतं काय भारी. पण आमच्या जुन्या घरातलं एक दार कापावं लागलं तेव्हा आत बघितलं, पुठ्ठ्याचं मधमाश्यांचं पोळं! नवरा रात्री दहानंतर गिटार वाजवत नाही, दारामुळे नाही, शेजारच्या बाईमुळे. इथे शांततेची वेळ हा गंभीर विषय आहे, रविवारी तर ड्रिलमशीनकडे बघायचं पण नाही.

वाशिष्ठीकाठ

एप्रिलात दार करताय, जुलैची आठवण ठेवा. मी चिपळूणचा. आमच्याकडे पावसात दार असं फुगतं की बाथरूममध्ये गेलेला माणूस श्रावणातच बाहेर येतो. लाकूड लाकडाला घट्ट बसवून फट बुजवायला जाऊ नका. चारी बाजूंनी तीन मिली मोकळी ठेवा आणि ती रबराला भरू द्या. आणि एक गोष्ट सुतार कधी करत नाहीत (रंधाभाऊ सोडून), दाराची वरची आणि खालची कड रंगवत नाहीत. कारण दिसत नाही. पण पाणी तिथूनच पितं ते. एमडीएफ असेल तर दोन हात मारा सीलरचे, नाहीतर खालची कड पुरीसारखी फुगते.

रंधा

हे सोन्यासारखं सांगितलंत. मीसुद्धा विसरतो कधीकधी, खोटं कशाला बोलू.

सिंधूताईंचा_नातू

सगळं वाचलं. मला वाटतं कानसेन चुकीच्या रोगावर औषध शोधतायत. तुम्ही ढोल वाजवत नाही, बोलताय. मी पॉडकास्ट करतो, भाड्याच्या घरात, दाराला हात लावायची परवानगी नाही. कपड्यांचं कपाट उघडतो, माईक कपाटात, मी बाहेर तोंड घालून, पाठीवर आजीच्या दोन गोधड्या दोरीवर. माईक तोंडापासून वीतभर. घरातले लोक नऊला झोपतात, मी दहाला बसतो. खर्च शून्य. दार वगैरे शौक आहे.

शंकासुर

पण गोधडी पण फोमसारखीच ना? शोषते, अडवत नाही, वर अणुरेणू म्हणाले तसं.

सिंधूताईंचा_नातू

बरोबर, अडवत नाही. पण खोलीचा घुमारा गेल्यामुळे माईक जवळ ठेवून गेन (माईक आवाज किती वाढवून घेतो ते) कमी करता येतो, मग मागचं आपोआप मागे जातं. ऑडिओबुकवाल्यांची, निदान एसीएक्सची (ऑडिबलला ऑडिओबुकं जिथून जातात ती साइट), अट काय आहे तर शांततेतला आवाज -६० डीबीच्या खाली पाहिजे. माझा -६३ येतो. गोधडीत.

कानसेन

@नातू, तुमचं खरं आहे आणि मी ते केलंय. पण आमच्याकडे नऊला कोणी झोपत नाही. आईच्या मालिका साडेदहापर्यंत, मग त्याच मालिका पुन्हा साडेअकरापर्यंत, मला सकाळी सातची कंपनीची बस. आणि उन्हाळ्यात गोधडीत दोन तास बसून बघा, नायिकेला घाम फुटला असं वाचताना खराखुरा फुटतो.

वीणाक

एक सुरक्षेचा मुद्दा, कोणी काढला नाही म्हणून. हवाबंद दार म्हणजे हवा पण बंद. दहा बाय नऊच्या खोलीत दोन तास बंद बसलात की डोकं जड होतं, जांभया येतात, मी अनुभवलंय. तासाला एकदा दार उघडा. आणि आतून कडी नको, किंवा बाहेरून उघडता येईल अशी. आतला माणूस पडला तर हाक कोणाला ऐकू जाणार? तुमच्या आई घरात असतात, त्यांची हाक तुम्हाला ऐकू येणार नाही हा दुसरा भाग. आम्ही सासऱ्यांसाठी बेलच्या बटनाला जोडून खोलीत दिवा लावलाय, आवाज नाही, फक्त लुकलुकतो.

माजघर

तांबडा लावा. पण आमचा उलट्या बाजूला असायचा.

कानसेन · २ मे

अपडेट देतो. दार झालं! म्हणजे बहुतेक झालं.

सुतार आमच्या ओळखीचा, चांगला माणूस, पण "साहेब एवढ्या जाड दाराला एसी रूम म्हणायचं का बँक?" असं दोनदा म्हणाला. काय केलं ते क्रमाने नाही, जसं आठवेल तसं लिहितो.

सगळ्यात मोठा शोध चौकटीत लागला. रंधा म्हणाले तसा आत दिवा लावून बघितलं तर दाराच्या कडेने उजेड येतच होता, पण चौकट आणि भिंत यांच्या मधूनही एका जागी बारीक रेघ दिसली. सुताराने ती कडेची लाकडी पट्टी उचकटली तर आत फट, काही ठिकाणी बोटभर रुंद, आणि त्यात काय भरलं होतं तर सिमेंटच्या पिशवीचा कागद आणि एक गुटख्याची पुडी. वरून प्लास्टर. म्हणजे मी दोन वर्षं विटांच्या भिंतीच्या भरवशावर होतो आणि मध्ये गुटख्याची पुडी होती. सगळं कोरून काढलं, माल भरला, वाळल्यावर कडेने सिलिकॉन. सुतार म्हणत होता स्प्रेचा फोम मारू, पाच मिनिटांत काम, पण इथलं वाचलेलं असल्यामुळे फोम म्हटलं की मी सावध.

दाराला हॉलच्या बाजूने व्हिनाइल आणि त्यावर १२ मिलीचा एमडीएफ, स्क्रूने आणि फेविकॉलने. (शंकासुरांची आणि रंधांची दोघांची बाजू राखली.) एमडीएफ चारी बाजूंनी पाऊण इंच आत घेतलाय, नाहीतर दार चौकटीत बसलंच नसतं, हे मापं घेताना लक्षात आलं, कापल्यावर नाही, देवाची कृपा. वजन आता ५० च्या आसपास. तीन बिजागऱ्या होत्या, चौथी लावली. जुन्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढले तर अर्धे हातोडीने ठोकून बसवलेले, फिरवलेलेच नव्हते, हाताने उपसून आले.

खाली ड्रॉप सील. ही वस्तू मला फार आवडली. दाराच्या खालच्या कडेत अॅल्युमिनियमची पट्टी खोचायची, त्यात रबर लपलेलं असतं, बिजागरीच्या बाजूला एक बटन. दार लागलं की बटन चौकटीवर दाबलं जातं आणि रबर खाली उतरून जमिनीला टेकतं. उघडलं की वर. मी पहिल्या दिवशी वीसेक वेळा उघडझाप केली. पण टेकणार कशावर? बरोबर दाराखाली फरशीचा सांधा, खोलगट. म्हणून तिथे काळ्या ग्रॅनाइटची पट्टी बसवली, कडा घासून उतरत्या. थोडक्यात उंबरठा.

मोजमाप: हॉलमध्ये स्पीकरवर एकसारखा खरखराट लावला, ८० डेसिबल (फोनचं ॲप, त्यामुळे फरकाकडे बघा, आकड्याकडे नको). आत, आधी ६०. फक्त चौकट भरून आणि रबर-ड्रॉप सील लावून ५३. एमडीएफ वगैरे लावून ४९. खर्च बारा हजारांच्या आत, मजुरी धरून.

अणुरेणू

वा! बघा, सात फटीचे, चार वजनाचे. आणि चौकटीमागची भानगड हा ह्या धाग्याचा सगळ्यात उपयोगी प्रतिसाद आहे, माझ्या गणितासकट. आता एक करा, रबरात कागदाची चिठ्ठी धरून दार लावा आणि चिठ्ठी ओढा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. जिथे सुळकन येते तिथे बिजागरी थोडी सरकवायची.

रंधा

छान काम केलंय तुमच्या सुताराने. कुलपाच्या भोकाचं काय केलं? आरपार असेल तर तिथून एक बारीक शिट्टी येते.

कानसेन

आरपारच होतं. आतून बुजवलं, आता नुसती मूठ आणि बॉल कॅच. वीणाक म्हणाल्या म्हणून कडीच ठेवली नाही. चिठ्ठी वरच्या कोपऱ्यात सुळकन आली, उद्या बघतो.

फुकटसल्ला

मग आता पुस्तकं कशी येतायत? शांत?

कानसेन

तेच सांगायला आलो. पहिल्या रात्री रेकॉर्ड करून ऐकलं. टीव्ही गेला, शिट्टी गेली. आणि मग भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. ते दोन वर्षं तिथेच होतं! ते काढलं तर लॅपटॉपचा पंखा. तो गादीवर... म्हणजे लॅपटॉप बाहेर ठेवून लांब वायर काढावी म्हटलं तर वायरीसाठी भोक, आणि परत फट. शेवटी लॅपटॉप टेबलाखाली ठेवून वर नातूंचा मान राखून गोधडी टाकली, समोरून उघडी. काल एका टेकमध्ये पाल चुकचुकली. नेमकी "तो परत येईल" ह्या वाक्यानंतर. ठेवलाय तो टेक.

सिंधूताईंचा_नातू

म्हणजे शेवटी गोधडीच. :)

म्युनिकची_मनी

पालीने शिक्कामोर्तब केलंय, संपादकांना सांगा काढू नका.

बेसूर_तरी_सूर

मी बैठकीखाली रबर-प्लायचा पाट करून घेतला. काका म्हणाले आता डग्गा लांबच्या देवळातून आल्यासारखा वाटतो. आणि जरा नाराज दिसले.

कानसेन · ११ जुलै

धागा वर काढतोय, माफी असावी. पावसाळ्याचा रिपोर्ट: दार फुगलं नाही (वाशिष्ठीकाठ, कडा रंगवल्या होत्या, धन्यवाद). पण गेल्या आठवड्यापासून आत पुन्हा टीव्ही बारीक ऐकू येतोय. ॲपवर ५२. रबर बघितलं, ठीक. चिठ्ठी टेस्ट वरती, बाजूला, सगळीकडे पास. खालीच काहीतरी आहे. ड्रॉप सील नीट उतरतोय पण एका बाजूला टेकत नाही. कोणाला काही सुचतंय?

रंधा

रबराखाली खडा-बिडा अडकलाय का बघा. टॉर्च आडवा धरून.

कानसेन

सापडलं. रांगोळी.

आई रोज सकाळी त्या ग्रॅनाइटच्या पट्टीवर दोन बोटं रांगोळी ओढते आणि हळदकुंकू वाहते. मला महिनाभर पत्ता नाही कारण मी सातला बाहेर, आणि संध्याकाळपर्यंत ते पुसलं गेलेलं असतं. विचारलं तर म्हणाली, "बिल्डरने घराला उंबरठाच ठेवला नाही, सगळी फरशी सपाट. तू केलास एक, तर त्याची पूजा नको करायला?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रबरात पांढरे कण रुतून बसलेत.

माजघर

त्यांना काही बोलू नका.

वाशिष्ठीकाठ

दात घासायचा जुना ब्रश, कोरडा. रबरावर ओलं फडकं नको, रांगोळीचा लगदा होतो. आणि आईंना सांगा पट्टीच्या हॉलकडच्या उतारावर काढा, रबर मध्यावर टेकतं तिथे नको.

कानसेन

सांगितलं. उद्यापासून उतारावर. ब्रश दाराच्या मागे खिळ्याला टांगलाय, रेकॉर्डिंगच्या आधी एक हात फिरवतो. आत्ता ४९.